आमच्या चाळीच्या पुनर्विकास समितीस खुलं पत्र: खानावळ रस्त्यावरच राहू द्या

माननीय अध्यक्ष, सचिव, समितीचे सदस्य आणि चाळीतल्या सगळ्या भाडेकरू बंधू-भगिनींनो,

गेल्या रविवारी पटांगणात पडदा लावून आर्किटेक्टनं नव्या इमारतीचे नकाशे दाखवले. आपापला फ्लॅट कुठे येतो, बाल्कनी आहे की नाही, हे बघायला सगळे पुढे सरकले होते. मीही सरकले होते. पस्तीस वर्षं सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला स्वतःचं न्हाणीघर नकाशावर दिसलं की काय वाटतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

शेवटी तळमजल्याचा नकाशा आला, तोपर्यंत निम्मे लोक उठले होते. लॉबी, लिफ्ट, गाड्या वर न्यायची रॅम्प आणि रस्त्याकडे तोंड केलेली चार दुकानं. चारही बिल्डरच्या विक्रीतली. आपल्या खानावळीचा गाळा दाखवला होता पहिल्या पोडियमवर, म्हणजे तळमजल्याच्या वरच्या, गाड्या ठेवायच्या मजल्यावर, मागच्या बाजूला, पार्किंगला लागून. खानावळ चालवणाऱ्या काकी मागच्या रांगेत उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "वर गिऱ्हाईक येणार कसं?" आर्किटेक्ट म्हणाला, "क्षेत्रफळ जेवढ्यास तेवढं दिलंय, मॅडम." आणि पडद्यावर पुढचं चित्र आलं. कोणी काही बोललं नाही. मीसुद्धा गप्प बसले, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून हे पत्र लिहिते आहे. ते फलकावर लावणार आहे आणि चाळीबाहेरच्या लोकांनीही वाचावं असं मला वाटतं, कारण खानावळीत जेवणारी बहुतेक माणसं आपल्या सभेला येऊ शकत नाहीत.

माझं मागणं एकच आहे. करार होण्याआधी आणि नकाशे महापालिकेत जाण्याआधी खानावळीचा गाळा तळमजल्यावर, रस्त्याकडे तोंड करून, धुराड्याच्या आणि पाण्याच्या सोयीसकट लिहून घ्या. हे का, ते जरा सविस्तर सांगते.

आपण सगळे त्या गाळ्यासमोरून रोज जातो, पण दुपारी बारा ते तीन तिथे बसून बघितलेले आपल्यातले फार थोडे असतील. मी निवृत्त झाल्यापासून आठवड्यातून चारेक दिवस तिथे जेवते. पाच टेबलं, वीस माणसं. ओळखीचं असो-नसो, जागा झाली की शेजारी बसायचं. फळ्यावर खडूनं लिहिलेलं असतं: आमटी, भात, तीन चपात्या, एक उसळ, एक पालेभाजी, पापड, शंभर रुपये. बुधवार, शुक्रवार आणि रविवारी बांगड्याचं ताट एकशे साठ. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा सुकट, नाहीतर सोडे घातलेलं वांगं. श्रावणात अळू, वालाचं बिरडं. भात आणि आमटी परत मागितली तर वेगळे पैसे नाहीत. सोलकढी संपली की संपली, पाणी घालून ती वाढवलेली मी कधी पाहिली नाही.

सगळ्यात आधी येतात वॉचमन आणि लिफ्टमन, कारण त्यांची सुट्टी साडेअकराला होते. मग समोरच्या टॉवरमधल्या ऑफिसांतली पोरं, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली. मग ॲपवरून लोकांच्या घरी जेवण पोचवणारी मुलं, जी स्वतः जेवायला इथे येतात आणि हेल्मेट मांडीवर ठेवून दहा मिनिटांत उठतात. दोनच्या सुमारास महिन्याचे मेंबर असलेले म्हातारे येतात. त्यातले तीन आपल्याच चाळीतले आहेत, नावं घेत नाही. मुलं बाहेरगावी, बायको गेलेली, आणि चार भांडी घासायचीही ताकद उरलेली नाही अशी ही माणसं. यांचा खाडा झाला आणि त्यांनी आदल्या दिवशी सांगितलेलं नसलं, तर काकी वाढप्याला वर पाठवतात. मागच्या पावसाळ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांना पडलेल्या अवस्थेत त्या वाढप्यानं पाहिलं होतं. दुपारचे अडीच वाजले तरी मास्तर आले कसे नाहीत, एवढंच निमित्त. आपण शेजारी होतो, सगळे घरातच होतो, पण दार त्यानं वाजवलं.

आता ज्या लोकांबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, त्यांच्याकडे येते. आपण परळमध्ये राहतो. केईएम १९२६ पासून इथे आहे, टाटा रुग्णालय १९४१ पासून. देशभरातून माणसं इथे येतात. पेशंटला खाट मिळते, नातेवाइकाला मिळत नाही. एकतीस वर्षं मी महापालिकेच्या रुग्णालयात नर्स होते. वॉर्डात जेवणाची गाडी येते ती पेशंटची. त्याच्या उशाशी बसलेली आई, बाप, भाऊ काय खातात याची नोंद कुठल्याही केसपेपरवर नसते. धर्मादाय संस्था दुपारी रस्त्यावर जेवण वाटतात, त्यांचे फार उपकार आहेत. पण माणूस दोन दोन महिने मुंबईत अडकून पडतो. रोज रांगेत हात पुढे करणं सगळ्यांना जमत नाही. त्याला वाटतं, एक दिवस तरी खुर्चीवर बसावं, ताटात जेवावं, पैसे द्यावेत आणि उठावं. नांदेडहून आलेल्या एका बापानं मला हे असंच, याच शब्दांत सांगितलं होतं. मुलीची केमो चालू होती. तो दिवसातून एकदाच जेवायचा, पण खानावळीत.

त्या मुलीसाठी काकींनी मऊ भात करायला सुरुवात केली. मी त्यांना सांगितलं होतं की केमोनंतर पांढऱ्या पेशी उतरतात, तेव्हा पेशंटला कच्चं काही नको, कोशिंबीर नको, आधी करून ठेवलेलं नको, शिजलेलं आणि गरम असलेलंच पाहिजे. तेव्हापासून त्यांच्या ओट्यावर एक वेगळं झाकणाचं पातेलं असतं. बिनतिखटाचं मुगाचं वरण, मऊ भात, दुधी. डबा आपला आणा, उकळत्या पाण्यानं धुऊन भरून देतात. चाळीस रुपये. याची पाटी नाही, जाहिरात नाही. नातेवाईक एकमेकांना सांगतात. भिंतीला पाठ लावून बसलेल्या एखाद्या नवख्या माणसाला दुसरा नवखा माणूस म्हणतो, बाहेर पडा, सिग्नलवरून डावीकडे, लाल दाराची खानावळ, बाईंना सांगा पेशंटसाठी पाहिजे.

या माणसाला पोडियम माहीत नाही. तो टॉवरच्या गेटवर येणार, तिथला सिक्युरिटी त्याला विचारणार, कोणाकडे जायचंय, फ्लॅट नंबर सांगा, रजिस्टरमध्ये सही करा. हातात एक्स-रेचं पाकीट आणि रिकामा डबा घेतलेला माणूस तिथूनच मागे फिरेल. गाळ्याचं क्षेत्रफळ जेवढ्यास तेवढं असेल, पण खानावळ तिथे चालणार नाही. वर्षभरात काकी तो गाळा कुणाच्या तरी गोडाऊनला देतील.

क्षेत्रफळाचीही गोष्ट सांगते. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ३३(७) प्रमाणे उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतीतल्या दुकानदाराला त्याच्याकडे आत्ता असलेल्या जागेएवढी जागा नव्या इमारतीत मिळते. मोजणी झाली ती चार भिंतींच्या आतली, दोनशे चाळीस चौरस फूट. पण खानावळ काय तेवढ्यात चालते? तांदळाची आणि पिठाची पोती पोटमाळ्यावर असतात. भांडी मागच्या घरगल्लीतल्या, म्हणजे इमारतीमागच्या अरुंद बोळातल्या मोरीत घासली जातात. भाजी ओट्यावर निवडतात, त्याच ओट्यावर संध्याकाळी चार माणसं बसून चहा पितात. यातलं काहीच मोजलेलं नाही. नव्या इमारतीत दोनशे चाळीस फुटांत शेगड्या, मोरी, कोठार आणि टेबलं बसवायची म्हटली तर टेबलं दोनच राहतात. म्हणून गाळ्याला उंची जास्त द्या, म्हणजे पोटमाळा होईल, आणि मागे भांडी घासायची जागा सामाईक सेवांच्या भागात दाखवा. चांगला आर्किटेक्ट हे एका दुपारी करून देईल. त्याला आपण सांगितलं मात्र पाहिजे.

आणखी एक, जे सभेत कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं: भाडेपावती अजून काकींच्या सासूबाईंच्या नावावर आहे. आजी जाऊन बारा वर्षं झाली. पावती नावावर करून घ्यायची राहिली, हे खरं. पण आजी असल्यापासून गाळा कोण चालवतंय याचे साक्षीदार आपण सगळे आहोत. याच कारणावरून उद्या बिल्डरनं हात वर केले, तर समितीनं आपल्या लेटरहेडवर तसं लिहून द्यायला हवं.

आजींचा विषय निघालाच आहे तर थोडं मागे जाते, कारण समितीतली तरुण मुलं ही हकीकत जाणत नसतील. कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार बायका-मुलांना गावी ठेवून इथे राहायचे. एका खोलीत वीस वीस जण, पाळीपाळीनं झोपायचे. त्यांना जेवायला घालायच्या त्या खानावळवाल्या बाया. कुणाचा नवरा गिरणीतून काढलेला, कुणी विधवा. वाण्याकडून धान्य उधार आणायचं, त्यावर व्याज भरायचं, महिनाभर दोन वेळ वाढायचं आणि पगाराच्या दिवशी हिशोब करायचा. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली या बायांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जं मिळवून दिली, तेव्हा सावकारांची पकड सैल व्हायला लागली. आपल्या आजी त्याच पिढीतल्या. माझे सासरे लग्न होऊन सासूबाई मुंबईला येईपर्यंत सात वर्षं त्यांच्याकडे जेवले.

मग १८ जानेवारी १९८२ ला संप झाला. अडीच लाख कामगार बाहेर. गिरणगावातल्या कित्येक खानावळवाल्यांनी संपात उधारीवर वाढलं आणि ती उधारी कधीच परत आली नाही. आजींची वही मी पाहिली आहे. मागची निम्मी पानं संपातली आहेत, नावांपुढे आकडे आहेत, आणि "जमा" च्या रकान्यात काही नाही. त्या वहीत माझ्या सासऱ्यांचंही नाव आहे. एकशे सत्तावीस रुपये. सासूबाईंनी पुढे ते फेडायचा प्रयत्न केला, तर आजींनी घेतले नाहीत. तुमच्यापैकी निदान नऊ घरांच्या वडिलांची, आजोबांची नावं त्या वहीत आहेत. मी हे कुणाला कमीपणा यावा म्हणून लिहीत नाही. आपल्या घरात त्या वर्षी चूल पेटत नव्हती आणि खाली पेटत होती, एवढं ठाऊक असावं म्हणून लिहिते.

अलीकडचंही आठवून बघा. २०२० च्या लॉकडाउनमध्ये मी कोविड वॉर्डात होते. घरी येत नव्हते, आमची सोय बाहेर केली होती. बसून जेवायला बंदी, फक्त पार्सलला परवानगी होती. काकींचे दोन कामगार गावी गेले, एक मावशी पनवेलला अडकल्या. काकी आणि त्यांची मुलगी, दोघींनी मिळून रोज साठ-सत्तर पार्सलं केली. माझ्या दोन मुलांना तीन महिने जेवण तिथून गेलं. चाळीत जी दोन घरं विलगीकरणात होती, त्यांच्या दाराशी पिशवी कोण ठेवत होतं, हे समितीच्या दोन सदस्यांना चांगलं माहीत आहे.

आता तुमचे आक्षेप. ते मला जिन्यात, पाण्याच्या रांगेत ऐकू आले आहेत आणि त्यातले सगळे चुकीचे नाहीत.

वास, धूर, झुरळं, उंदीर. हो, आत्ता घरगल्लीत खरकटं पाणी जातं, त्यानं उंदीर होतात, आणि मी स्वतः यावरून काकींशी दोनदा भांडले आहे. पण हे जुन्या इमारतीत का होतं? इथे तेलकट पाणी अडवायची सोय नाही, धूर वर न्यायला धुराडं नाही, म्हणून. नव्या इमारतीत या दोन्ही गोष्टी पहिल्या दिवसापासून करता येतात. स्वयंपाकघराच्या मोरीखाली प्लंबर ज्याला ग्रीस ट्रॅप म्हणतात तो बसवायचा, म्हणजे चरबी ड्रेनेजमध्ये जात नाही. शेगडीवरच्या हुडपासून गच्चीच्या वरपर्यंत स्वतंत्र धुराडं न्यायचं. त्याच्यासाठी प्रत्येक मजल्यावर दोन फूट जागा राखून ठेवावी लागते, आणि ती नकाशातच ठेवावी लागते. एकदा स्लॅब पडले की मग ते होत नाही. मग लोक भिंतीला भोक पाडून पंखा लावतात आणि शेजाऱ्यांच्या खिडकीत धूर सोडतात. तुम्हाला जो त्रास नको आहे, तो नेमका आत्ता धुराडं न दाखवल्यानं होणार आहे. पोडियमवरच्या गाळ्यात तर तो धूर थेट पार्किंगमध्ये कोंडेल.

आग. हा आक्षेप मी सगळ्यात गंभीर मानते. डिसेंबर २०१७ मध्ये इथून हाकेच्या अंतरावर कमला मिलच्या गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागली आणि चौदा जीव गेले. भाजलेली माणसं बघायची वेळ माझ्यावर नोकरीत अनेकदा आली आहे, त्यामुळे या बाबतीत मी कुणाचीही बाजू घेणार नाही. आत्ता खानावळीत एकोणीस किलोचे व्यावसायिक सिलिंडर लागतात आणि भरलेले दोन मागे उभे असतात. नव्या इमारतीत त्यांना पाइप गॅसची व्यावसायिक जोडणी द्या, सिलिंडर ठेवायची गरजच राहणार नाही. आणि विचार करा, ज्या खोलीत दिवसभर आच पेटलेली असते ती खोली तळमजल्यावर, रस्त्याला लागून, दोन दारं असलेली असणं सुरक्षित, की वर, मागे, गाड्यांच्या मधोमध? अग्निशमन दलाच्या कुठल्याही अधिकाऱ्याला विचारा.

इमारतीचा दर्जा. "टॉवरखाली खानावळ कशी दिसेल," असं एका ताईंनी म्हटलं. ताई, हे लिहून मला तुम्हाला दुखवायचं नाही. पण माटुंग्याला १९४२ पासून ए. रामा नायक यांचं बोर्डिंग चालू आहे, स्टेशनसमोर, केळीच्या पानावर जेवण, बाहेर रांग. त्या भागातल्या घरांना त्यामुळे कमीपणा आलेला मी तरी ऐकला नाही. लोक अभिमानानं पाहुण्यांना घेऊन जातात. काकींना पाटी नवी करायला सांगू, भिंतीला टाइल लावायला सांगू, ते मी माझ्या अंगावर घेते.

भाड्याचं आणि पैशाचं. रस्त्याकडचा गाळा विकला तर बिल्डरला मोठी रक्कम मिळते, हे उघड आहे. म्हणून तो खानावळीला मागे ढकलतो आहे, यात काही गुपित नाही. पण चारपैकी एकच गाळा मागतो आहोत, तोही ज्याच्या हक्काचा आहे त्याच्यासाठी. काकींची आजही रस्त्याकडची जागा आहे. ती कोणी कधी विकत घेतली नाही त्यांच्याकडून.

शंभर रुपयांच्या ताटाचा हिशोब मी त्यांच्याबरोबर बसून केला आहे, म्हणून सांगते की जागेचा खर्च वाढला तर हे ताट राहत नाही. व्यावसायिक सिलिंडरचा भाव दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो, आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी असतो, आपल्या घरच्या सिलिंडरवर पाच टक्के. काकी जीएसटीच्या कॉम्पोझिशन योजनेत आहेत, म्हणजे उलाढालीवरचा पाच टक्के कर त्या स्वतः भरतात, गिऱ्हाइकाच्या बिलात तो लावता येत नाही. वीज व्यावसायिक दरानं. दोन मावशी, एक वाढपी, एक भांडीवाली, चौघांचे पगार. सरकारनं २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन सुरू केलं तेव्हा दोन चपात्या, एक भाजी, वरण आणि भाताच्या थाळीचा शहरातला खर्च पन्नास रुपये धरला होता. त्यातले दहा गिऱ्हाइकानं द्यायचे, चाळीस सरकारनं. त्या थाळीत चपाती तीस ग्रॅमची आणि भात दीडशे ग्रॅम. काकी त्याच्या दुप्पट वाढतात, परत वाढतात, आणि त्यांना कोणाचं अनुदान नाही. हे जमतं कारण जागेचं भाडं जुनं आहे आणि मालकीण स्वतः पहाटे साडेचारला नारळ खवायला बसते. नव्या इमारतीत व्यावसायिक गाळ्यांना देखभाल खर्च घरांच्या तिप्पट लावायचा प्रस्ताव मसुद्यात आहे. दागिन्यांच्या दुकानाला आणि खानावळीला एकच दर लावू नका. सोसायटीची सभा वेगळा ठराव करू शकते.

शेवटचा मुद्दा मधल्या काळाचा. इमारत पाडल्यापासून ताबा मिळेपर्यंत बिल्डर तीन वर्षं म्हणतो आहे. आजूबाजूला बघता पाच धरून चला. आपल्याला घरभाडं मिळेल, आपण कल्याणला, विरारला, कुठेही जाऊ आणि परत येऊ. खानावळीला तसं जाता येत नाही. पाच वर्षांत तिची माणसं पांगतील, मावश्या दुसरीकडे कामाला लागतील, आणि काकी आता एकसष्ट वर्षांच्या आहेत. मागच्या गल्लीत आपल्याच घरमालकांचा एक गोडाऊनचा गाळा कित्येक वर्षं कुलूप लावून पडला आहे. तो बांधकाम होईपर्यंत काकींना तात्पुरता मिळावा, आणि त्याचं भाडं बिल्डरनं भरावं, असं करारात घाला. मी घरमालकांच्या मुलाशी फोनवर बोलले आहे. तो नाही म्हणालेला नाही, समितीचं पत्र हवं म्हणाला. इमारतीवर काम करायला जे दीडशे मजूर येतील त्यांनाही जेवायला कुठेतरी जावं लागणारच आहे.

संमतीपत्रावर मी अजून सही केलेली नाही. निम्म्याहून जास्त सह्या तुमच्याकडे आल्या आहेत, त्यामुळे माझ्या सहीनं काही अडत नाही, हे मला समजतं. अडवायचं म्हणून मी थांबलेलेही नाही. घर मलाही हवं आहे, गुडघे दुखतात, लिफ्ट हवी आहे. येत्या रविवारच्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय पहिला घ्या, मास्तर आणि मी दोघं बोलू, आणि काकींना या वेळी पुढच्या रांगेत बसवा.

आणखी एक लेखी देते. खानावळीच्या थेट वरचा आणि धुराड्याला लागून असलेला फ्लॅट कोणालाच नको असणार, लॉटरीत तो ज्याला लागेल तो आयुष्यभर कुरकुरेल, म्हणून तुम्ही धुराडं टाळता आहात, असं सचिवांनी मला खासगीत सांगितलं. माझं नाव लॉटरीतून काढा. तो फ्लॅट मला द्या.

आपली शेजारीण,
दुसरा मजला, जिन्यालगतची खोली
परळ, मुंबई